शेवंडीच्या कवचाचं हाड

आर्सेनिया लेस्कायने जन्मात कधी शेवंड खाल्ली नाही. खाल्ली असती तर मेली असती. लहानपणी एकदा आईच्या ताटातला रस्सा बोटाने चाटला, तर ओठ असे सुजले की तीन दिवस तिला चमच्याने पाणी पाजावं लागलं. तरी सोळाव्या वर्षापासून ती बाताबानो बंदरातल्या शेवंडीच्या कारखान्यात उभी होती, कारण त्या गावात बायकांना दुसरं काम नव्हतं. रबरी हातमोजे चढवायचे आणि दिवसाला तीनशे शेवंडी सोलायच्या. मांस गोठवून जहाजाने परदेशी जाई. आमच्या देशात शेवंड सरकारची. कुणाच्या घरात नुसती एक शेपटी सापडली तरी दारात पोलीस. हे आधीच सांगून ठेवते, कारण रेग्लातली, म्हणजे आमच्या वस्तीतली, माणसं तिच्याबद्दल आजही जे बोलतात ते ऐकून माझं डोकं उठतं. डोकं उठवून घ्यायचा मला हक्क किती, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

मी बेनिल्दे. हवानातल्या एका संशोधन केंद्रात टाइपिस्ट होते. आमचे प्रमुख डॉक्टर किआला. माणूस हुशार, उंच, बोलायला गोड, आणि स्वतःच्या सावलीलाही रांगेत मागे उभं करील असा. त्यांना मोडक्या हाडांत भरायला हाडासारखं काहीतरी बनवायचं होतं. समुद्रातलं पोवळं दाबाखाली शिजवलं की त्याचं हाडातलं मीठ होतं. पण ते एकटं खडूसारखं ठिसूळ. शेवंडीच्या कवचातून एक चिवट पदार्थ निघतो. दोन्ही एकत्र मळायची, साच्यात घालून गोठवायची, मग यंत्राने त्यातलं बर्फ ओढून घ्यायचं. जिथे बर्फ होतं तिथे भोकं उरतात. मागे राहतो तो काडेपेटीएवढा पांढरा ठोकळा. हाडाच्या पेशी त्या भोकांतून आत शिरतात, चढतात, हाड बांधतात, आणि ठोकळा हळूहळू विरघळून जातो. डॉक्टर त्याला परांची म्हणत. ‘‘परांची टिकायची नसते, भिंत टिकायची असते,’’ हे वाक्य ते प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि दर वेळी ‘असते’च्या आधी तेवढंच थांबत.

कवचं आणायला ते बाताबानोला गेले तेव्हा त्यांना आर्सेनिया दिसली. बाकीच्या बायकांची कवचं फुटकी, मांस चिकटलेली. हिची सगळी अखंड आणि स्वच्छ. त्यांनी तिला हवानाला बोलावून घेतलं. ती पाच वर्षांच्या लेकीला, ओदाल्मिसला, कडेवर घेऊन आली. नवऱ्याचं विचारू नका. तिनेही कधी विचारलं नाही. रेग्लात आमच्याच इमारतीच्या गच्चीवरची खोली मी तिला मिळवून दिली. वर्षभरात आम्ही ओदाल्मिसचा बाप्तिस्मा केला, सरकारला चर्च खपत नसे म्हणून गुपचूप, आणि मी तिची माद्रीना झाले, म्हणजे देवासमोर बोललेली दुसरी आई. त्या दिवसापासून आर्सेनिया माझी कोमाद्रे. आमच्यात कोमाद्रे सख्ख्या बहिणीच्याही वर असते. बहीण नशिबाने मिळते, कोमाद्रे आपण निवडतो.

पहिली दोन वर्षं ठोकळे फुकट गेले. त्यांचे बारीक तुकडे सशांच्या पायात बसवायचे, तीन महिन्यांनी ससा मारायचा, पाय कापून बघायचा: हाड ठोकळ्याच्या दारापर्यंत येऊन थांबलेलं. भोकं फार बारीक होती. डॉक्टरांनी पोवळ्याचं प्रमाण बदललं, कवच विरघळवायच्या आंबटाचं बदललं, दोन माणसं बदलली. ससे मरत राहिले. पुढे उपासमारीची वर्षं आली तेव्हा सशांची हाडं कपाटात आणि मांस आमच्या डब्यात जायला लागलं. ते खाऊ नये असा नियम होता, पण नियमाला भूक लागत नाही. असो.

एके दिवशी आर्सेनिया बादली खाली ठेवून डॉक्टरांना म्हणाली, ‘‘डॉक्टर, रागावू नका, पण तुमचा फ्रीझर फार चांगला आहे, म्हणून सगळं वाटोळं होतंय.’’

‘‘म्हणजे काय, बाई?’’

‘‘कारखान्यात मांस सावकाश गोठलं की मुकादम आमच्या नावाने शंख करायचा. सावकाश गोठलं की बर्फाचे खडे मोठे होतात, मांसाला भोकं पडतात, ते चोथ्यासारखं होतं. तिथे तो गुन्हा होता. तुम्हाला तर भोकंच हवीत ना?’’

डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले. तिने साचा घोंगडीच्या तीन पदरांत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवला, नऊ तास. ठोकळा निघाला तो दिसायला ओबडधोबड. उजेडाला धरला तर आतून पलीकडचं दिसे. आणि सशाच्या पायात त्यातून हाड आरपार गेलं. त्या दिवशी केंद्रात सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. डॉक्टरांनी लेख लिहिला, मी टाइप केला. वर सहा नावं होती. आर्सेनिया शेवटच्या ओळीत, ‘तांत्रिक साहाय्य’ म्हणून, आणि तेही नाव न घेता.

‘‘तुझं नाव नाही गं यात,’’ मी तिला म्हटलं.

‘‘माझं नाव घेऊन काय करू? ठोकळा झाला ना?’’ तिचं हे असंच. मला तिचा राग यायचा.

ओदाल्मिस अकरा वर्षांची असताना लाँचमधून धक्क्यावर उतरली आणि तिची नडगी मोडली. उडी नाही, धक्का नाही, नुसतं पाऊल ठेवलं. फोटो काढला तर हाडात गुडघ्याखाली अंड्याएवढी पोकळी. रुग्णालयातल्या सर्जनने कमरेचं हाड खरवडून भरलं. पोकळी परत झाली. पुन्हा भरलं, परत झाली. आता कमरेतही खरवडायला काही उरलं नव्हतं. पोर दीड वर्षं प्लास्टरमध्ये होती. तिसऱ्यांदा मोडलं तर पाय ठेवता येणार नाही, असं सर्जनने सांगितलं. त्याच सुमारास माणसांवर ठोकळा वापरायची परवानगी आली. पाच रुग्णांची यादी झाली. डॉक्टर किआलांनी आर्सेनियाच्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘तिसरा नंबर तुझ्या मुलीचा. माझा शब्द.’’

पहिल्या दोघांचे ठोकळे आर्सेनियाने केले. दोघांचंही हाड भरलं. आता ओदाल्मिसचा पाय वाचायला एक ठोकळा पुरे होता आणि ठोकळ्याला लागत होती कवचं. नेमकी तेव्हाच कवचं संपली. ट्रकला पेट्रोल नव्हतं. देशातच पेट्रोल नव्हतं. तेव्हा आर्सेनिया म्हणाली की मी जाऊन आणते. ती बाताबानोला मिळेल त्या वाहनाने, उरलेलं चालत गेली आणि टाकाऊ कवचांची गोणी पाठीवर घेऊन आली. जाण्याआधी डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी पत्र टाइप केलं होतं: ‘हिच्याजवळील कवचं केंद्राच्या कामासाठी आहेत.’ डॉक्टरांनी सही केली. शिक्का मारायचा राहिला, कारण शिक्क्याची शाई संपली होती आणि शाईही देशात नव्हती.

केंद्रात तेव्हा पाणी आठवड्यातून दोनदा येई. डॉक्टर म्हणाले, ‘‘घरीच धू आणि वाळव, आर्सेनिया. तुला गच्ची आहे ना?’’

ही आमच्याच माणसांनी करावी अशी चूक. बाहेरच्या कुणाला यात चूक दिसणारच नाही. चाळीस शेवंडींची कवचं त्या वर्षी रेग्लातल्या गच्चीवर उन्हात! खाली घराघरात कोबीचं पाणी, साखरेचं पाणी, ग्रेपफ्रूटची साल तळून तिला मटण म्हणायचं, आणि वरून दोन दिवस शेवंडीचा वास. पोरं जिन्यात बसून हुंगायची. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याच्या तोंडाला असं पाणी सुटलं की तो रडायला लागला. मी स्वतः खिडकी लावून घेतली, आणि खरं सांगते, मला सगळं ठाऊक असूनही क्षणभर वाटलं, ही बया खात तर नसेल?

ओब्दुलिया आमच्या गल्लीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी समितीची प्रमुख. तिने आर्सेनियाला जिन्यात गाठलं.

‘‘काय गं, मेजवानी चाललीय वाटतं?’’

‘‘कसली मेजवानी, ओब्दुलिया? कवचं आहेत नुसती. औषधाची.’’

‘‘औषधाची! आम्हालाही तोच आजार झालाय, बाई. जरा आमच्या ताटातही वाढ तुझं औषध!’’

जिन्यातले सगळे हसले. आर्सेनियाही हसली, तिला वाटलं, थट्टा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले.

तिने पत्र दाखवलं. शिक्का नव्हता. पोलीस केंद्रात आले, डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांना पुढच्या महिन्यात माद्रिदला परिषदेला जायचं होतं. सरकारी माल घरी ठेवायला सांगितला असं कबूल केलं असतं तर विमान चुकलं असतं. त्यांनी पत्र उलटसुलट करून बघितलं.

‘‘सही माझ्यासारखी दिसते खरी. पण मी दिवसाला शंभर कागदांवर सह्या करतो. टाइपिस्टला विचारा, तिच्याकडे प्रत असेल.’’

प्रत माझ्या खणात होती. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. धमकावल्यासारखे नाही, अगदी प्रेमाने, जसं पोराला ‘दाखव बरं बाळा’ म्हणतात तसं. मी म्हटलं, ‘‘माझ्याकडे प्रत नाही.’’ संध्याकाळी ती घरी नेऊन तिनेच मी चूल पेटवली.

तुरुंग टळला, कारण नुसत्या कवचांवर कोर्टात काय सिद्ध करणार? पण केंद्रात सभा झाली. आमच्याकडे माणसाला कामावरून काढायचं तर सगळ्यांनी मिळून काढायचं असतं. एकट्या साहेबाने काढलं तर ते अन्यायाचं दिसतं. सत्तेचाळीस माणसं खुर्च्यांवर बसली. आर्सेनिया समोर उभी.

‘‘मला शेवंड चालत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘खाल्ली तर मी मरेन. इथल्या डॉक्टरांना विचारा. बेनिल्देला विचारा.’’

मागून सशांच्या खोलीतला एकजण ओरडला, ‘‘खाऊन दाखव मग! आत्ता खात्री करून घेऊ!’’ खोली हसून फुटली. तोच दर शुक्रवारी सशाचं तंगडं डब्यात घालून नेत असे.

ठराव वाचला गेला. बाजूने किती? हात वर झाले. आमच्याकडे असे ठराव एकमतानेच होतात. एखादा हात खाली राहिला तर त्याच्याबद्दल वेगळी सभा होते. माझा हात वर जायला जरा उशीर लागला. तेवढ्या उशिराचंही मी नंतर स्वतःपाशी कौतुक करून घेतलं. सत्तेचाळीसपैकी सत्तेचाळीस. आर्सेनिया कुणाकडेही न बघता एप्रन काढून, घडी करून खुर्चीवर ठेवून गेली.

डॉक्टर मोठ्या मनाचे. ‘‘मुलीचा काय दोष?’’ म्हणाले, आणि ओदाल्मिसचा तिसरा नंबर तसाच ठेवला. सगळे म्हणाले, बघा, देवमाणूस! आर्सेनियाची जागा मला मिळाली, कारण तिच्या हाताखाली बसून मी सगळं बघितलं होतं. टाइपिंगपेक्षा ते काम वरचं, आणि दुपारचं जेवण मिळे. मी कृतज्ञतेने ‘हो’ म्हटलं.

शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली. त्या दिवशी मंत्रालयातले आणि परदेशातले पाहुणे येणार होते. पोलिसांनी केंद्राला परत केलेल्या कवचांतून मी साचा भरला, घोंगडी तीन पदर करून तयार ठेवली. पण घोंगडीत गोठायला सलग नऊ तास वीज हवी, आणि त्या आठवड्यात आमच्या भागात चार तास वीज, आठ तास अंधार असं चाललं होतं. मी डॉक्टरांकडे गेले.

‘‘पुढच्या आठवड्यात केलं तर?’’

‘‘पुढच्या आठवड्यात पाहुणे नसतील, बेनिल्दे. पाहुणे नसले तर ऑपरेशनची खोली मिळायची नाही. मग तिच्या जागी कर्नलचा भाचा. तो यादीत टपूनच बसलाय.’’ त्यांनी चष्मा पुसला. ‘‘तुला जमत नसेल तर तसं सांग. दुसरं कुणी बघतो.’’

‘‘जमेल,’’ मी म्हटलं.

पोरीची पाळी जाऊ नये म्हणून मी तसं म्हटलं, हे खरं. माझी जागा आणि दुपारचं जेवण जाऊ नये म्हणूनही म्हटलं, हेही खरं. यातलं कुठलं आधी मनात आलं ते मला ठाऊक आहे, पण मी लिहिणार नाही. साचा घोंगडीशिवाय ठेवला. तीन तासांत गोठला. ठोकळा बाहेर काढला तो इतका सुंदर, गुळगुळीत, पांढराशुभ्र, की डॉक्टर म्हणाले, ‘‘वा! आर्सेनियाचे कधी असे झाले नव्हते.’’ भोकं मोजायच्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा जळाला होता. नवा मागवला होता.

गुरुवारी सकाळी मी ठोकळ्याची बाटली घेऊन रुग्णालयात गेले. ओदाल्मिस चाकांच्या खाटेवर होती, डोक्याला हिरवी टोपी. मला बघून तिचा चेहरा फुलला.

‘‘माद्रीना, माझ्या पायात शेवंड घालणार ना? बघ हं, नाहीतर पोलीस माझा पाय धरून नेतील!’’

‘‘गप, वात्रट! तुला नाचायला लावणार आहे मी त्या पायावर. पंधराव्या वाढदिवसाला.’’ आमच्यात मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा साजरा करतात.

‘‘उंच टाचांचे बूट?’’

‘‘उंच टाचांचे.’’

आर्सेनिया भिंतीशी उभी होती. सभेनंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर येत होतो. ती जवळ आली, माझ्या हातातून बाटली घेतली आणि खिडकीकडे वळून उजेडाला धरली. बराच वेळ.

‘‘घोंगडी गुंडाळली होतीस?’’

‘‘हो.’’

‘‘तीन पदर?’’

‘‘तीन.’’

‘‘नऊ तास?’’

‘‘अगं हो, कोमाद्रे! तुझ्याच हाताखाली शिकले ना मी?’’

तिने बाटली परत दिली. पोरीचं कपाळ चुंबलं. खाट आत गेली. पाहुण्यांनी फोटो काढले. त्यांतल्या एकात मीही आहे, बाटली हातात धरून हसताना.

चौथ्या महिन्यापर्यंत हाडाचा एक कण आत शिरला नाही. ठोकळ्याभोवती पाणी झालं, मग पू झाला. ताप आला. जे औषध हवं होतं ते नव्हतं. जे होतं त्याने काही झालं नाही. जूनमध्ये पाय गुडघ्याच्या वरून कापला. डॉक्टर माद्रिदच्या पुढच्या वर्षी मेक्सिकोला गेले, तेव्हा तो अहवाल मीच टाइप केला, कारण नव्या टाइपिस्टला लांबलचक शब्द जमत नसत. ‘रुग्ण तीन : पुढील तपासणीस आली नाही.’ रुग्ण तीन माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहत होती. तिच्या कुबडीचा आवाज मला छतातून ऐकू येत असे.

मी जिना बदलला, म्हणजे मागचा जिना वापरायला लागले. पावाच्या रांगेत मात्र इलाज नसतो. आमच्या रांगेत कुणी एकामागे एक उभं राहत नाही. येणारा ‘शेवटचं कोण?’ विचारतो आणि जो ‘मी’ म्हणेल त्याच्यानंतर त्याचा नंबर. दोन वर्षं आर्सेनिया अशी वेळ साधून येई, की मधे कुणीतरी असेल. एका सकाळी कुणीच नव्हतं.

‘‘शेवटचं कोण?’’

‘‘मी,’’ मी म्हटलं.

ती शेजारी येऊन उभी राहिली. केस पांढरे झाले होते. दुकानाची खिडकी अजून बंद होती. माझ्याने राहवेना.

‘‘कोमाद्रे, तो ठोकळा–’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘काय माहीत आहे?’’

‘‘गुळगुळीत होता. उजेडाला धरला तेव्हाच कळलं. आरपार काही दिसत नव्हतं.’’

मला संताप आला. हो, मला! ‘‘मग थांबवलं का नाहीस? आई ना तू तिची? तोंड नव्हतं तुला?’’

‘‘तुला विचारलं ना मी,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘तीनदा विचारलं. सत्तेचाळीस माणसं मला खोटारडी म्हणाली होती, बेनिल्दे. वाटलं, माझे डोळेही खोटं बोलत असतील. तू तर तिची माद्रीना. तू का खोटं बोलशील?’’

मी रेशनवहीची पानं चाळायला लागले.

‘‘मी तिला सांगितलंय की तुझं हाडच वाईट होतं,’’ आर्सेनिया म्हणाली. ‘‘माद्रीनाने केलेला ठोकळा उत्तम होता, तुझ्याच हाडाने तो धरला नाही. तिला तेच खरं वाटतं. माझ्यामागे तिला कुणीतरी एक माणूस उरायला हवं. रविवारी ये वर. पंधरावं लागतंय तिला. माद्रीना का येत नाही, विचारते सारखी. तिला वाटतं, तिच्या हाडाने तुझी मेहनत फुकट घालवली म्हणून तू रागावलीस.’’

खिडकी उघडली. मी रेशनवही पुढे केली, माझा पाव घेतला आणि मागच्या जिन्याने घरी आले. रविवारी वर गाणी लागली, लोक आले, गेले. मी गेले नाही.